बांधापलीकडची कपाशी

काल रात्री तुझा फोन आला तेव्हा मी भाकरी टाकत होते, म्हणून धड बोलता आलं नाही. "ताई, भात लावून तीन दिवस झाले. निंदायला बाया मिळणार नाहीत म्हणतात. हे दुकानातून तणनाशक आणतो म्हणताहेत. आणू देऊ का?" इतकं विचारलंस आणि रेंज गेली. आज सकाळपासून झड लागलीय, शेतात पाऊल टाकता येत नाही. तर बसून सगळं लिहून पाठवते. लांबेल, पण पुरतं वाच. तुझ्या ह्यांना, म्हणजे आमच्या पाहुण्यांनाही वाचून दाखव.

उत्तर आधी देते. आणू दे. पण कोणतं आणायचं, कोणत्या दिवशी टाकायचं आणि कोणत्या पंपातून, या तिन्ही गोष्टी घरात ठरल्यावरच आणू दे.

तणनाशक म्हटलं की तोंड वाकडं करणारी माणसं तुला भेटतील. त्यांच्यातल्या किती जणांनी भात निंदलाय, ते विचार. या पिंपळनेरच्या पट्ट्यात मी 18 पावसाळे खाचरात वाकलेय. डोक्यावर प्लास्टिकचा कागद, पाय घोट्यापर्यंत चिखलात, रात्री बोटांच्या बेचक्यांत चिखल्यांची आग. निंदणी घरातल्या बाईच्या कमरेवर होते, आणि त्या कमरेचा हिशेब कुठल्याच वहीत लिहिला जात नाही. लावणीनंतरचे पहिले 30 ते 45 दिवस भाताचे खरे दिवस. तेवढ्यात तणाने खत ओढलं, ऊन अडवलं, की नंतर कितीही निंदा, गेलेले फुटवे परत येत नाहीत. आणि नेमके तेच दिवस मक्याच्या, सोयाबीनच्या, भुईमुगाच्या निंदणीचे. सगळ्या गावाला एकाच आठवड्यात बाया हव्या असतात. त्यात तुला तिसरा महिना लागलाय. यंदा तू चिखलात वाकायचं नाहीस. म्हणून मी मोकळ्या मनाने सांगते, आणू दे.

आता नीट ऐक, कारण तू अमळनेरच्या काळ्या जमिनीत वाढलीस आणि तुझ्या डोक्यात शेत म्हणजे कपाशी आहे. मीही तशीच आले होते. कपाशीत तण झालं तर आबा बैल जुंपून कोळपं फिरवायचे. कपाशीचं पान रुंद, गवताचं पान अरुंद, आंधळ्यालाही फरक कळावा. भाताचं तसं नाही. भात स्वतःच एक गवत आहे, आणि त्याच्या कुशीत उगवणारं पाखड लहानपणी हुबेहूब त्याच्यासारखं दिसतं. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी मी अर्ध्या वाफ्यातला भात उपटला आणि पाखड राखलं होतं. सासूबाई रागावल्या नाहीत. एक रोप हातात धरून दाखवलं त्यांनी. पान जिथे खोडाला चिकटतं तिथे भाताला पातळसा पापुद्रा असतो आणि दोन बाजूंना बारीक केसाळ कान. पाखडाला तिथे काहीच नसतं, सांधा साफ. तू उद्या बांधावर बसून दोन-चार रोपं बघ. तो सांधा ओळखता आला की पुढचं अर्धं काम झालं.

सासूबाईंनी दुसरी गोष्ट शिकवली ती पाण्याची. भाताचं सगळ्यात जुनं तणनाशक पाणीच आहे. भाताच्या खोडात आणि मुळांत हवा खेळायला पोकळ जागा असते, पानातून हवा थेट चिखलातल्या मुळापर्यंत जाते, म्हणून तो पाण्यात उभा राहतो. बहुतेक रानगवतांच्या बियांना ते जमत नाही, पाण्याखाली त्या उगवतच नाहीत. चिखलणी आणि लावणी एवढ्या कष्टाने करायची ती का, याचं अर्धं कारण हे. तुमच्या खाचरात जिथे उंचवटा राहिलाय आणि पाणी चढत नाही, तिथेच बघ, तण आधी हिरवं होईल. बांधाला खेकड्याचं भोक असेल तर आधी ते बुजव. फुटक्या बांधाच्या खाचरात कुठलंही औषध टाकलं तरी पैसे नाल्याला वाहून जातात.

तू विचारशील, भात गवत, पाखड गवत, मग औषधाला कसं कळतं कुणाला मारायचं? मलाही हे कळायला वर्षं लागली. दुकानात फक्त "भातात चालतं" एवढंच सांगतात. पण ते का चालतं हे कळलं नाही, तर कधी चालत नाही हेही कळत नाही.

लावणीच्या वेळी टाकतात ते प्रेटिलाक्लोर किंवा ब्युटाक्लोर भाताला फारसं ओळखत नाही. ते पाण्याखाली, चिखलाच्या अगदी वरच्या पदरात एक पातळ थर धरून बसतं. तणाचं बी त्याच पदरात असतं. कोंब फुटला की त्या थरातून वर येताना त्याची वाढ थांबते. तुमचा भात मात्र तीन-साडेतीन आठवडे रोपवाटिकेत वाढून आलेला, त्याची मुळं थराच्या खाली आणि शेंडा वर. म्हणजे भात वाचतो तो जागेमुळे आणि वयामुळे. म्हणून हे औषध तण उगवण्याआधीच टाकायचं असतं. उगवून दोन-तीन पानांवर आलेल्या तणाला त्याने काही होत नाही. आणि म्हणूनच शेजारच्या काकांनी यंदा भात लावला नाही, पेरलाय, तर त्यांनी तुमची बाटली उसनी नेऊ नये. पेरलेल्या भाताचं बीही त्याच पदरात असतं, साधं प्रेटिलाक्लोर त्यालाही धरतं. पेरभातासाठी सेफनर घातलेलं प्रेटिलाक्लोर वेगळं मिळतं. सेफनर म्हणजे भाताच्या कोंबाला ते औषध पचवायला मदत करणारा जोड पदार्थ. कोरड्यात पेरलं असेल तर बहुतेक जण पेंडीमिथॅलिन वापरतात.

दुसरी जात आहे ती पचवण्याची. बिस्पायरिबॅक सोडियम हे तण उगवून आल्यावर मारायचं. झाडाला वाढायला जी अमिनो आम्लं लागतात त्यांतली तीन तयार करणारा एक एन्झाइम ते बंद पाडतं. भात हे औषध आपल्या अंगात वेगाने मोडून टाकतो, पाखडाला तेवढ्या वेगाने ते जमत नाही, आणि ते पंधरा दिवसांत पिवळं पडून बसतं. अमेरिकेत 1960 च्या सुमारास भातासाठी प्रोपॅनिल नावाचं औषध आलं, त्याचंही असंच होतं. भाताकडे त्याला तोडणारा एन्झाइम भरपूर, पाखडाकडे नाहीच म्हणावा इतका. पण अर्कान्सासच्या भातशेतीत वर्षानुवर्षं तेच एक औषध मारलं गेलं आणि 1990 च्या आसपास असं पाखड सापडलं, ज्याला प्रोपॅनिल पचवता येत होतं. आपल्या देशात त्याच सुमारास हरियाणात गव्हातल्या गुल्ली डंडा नावाच्या तणाने आयसोप्रोट्युरॉन या तणनाशकाला दाद देणं सोडलं. म्हणून पाहुण्यांना सांग, यंदा जे चाललं तेच दर वर्षी आणायचं नाही. एक वर्ष हे, एक वर्ष ते, आणि मधेमधे हाताने निंदलेलं. फवारणीतून जे तण वाचतं ते बी धरायच्या आत उपटायचंच. ते एक रोप पुढच्या वर्षीच्या सगळ्या तणाची आई असतं.

तिसरी जात म्हणजे टू-फोर-डी. तिच्याबद्दल मला तुझ्याशी वेगळं बोलायचंय, म्हणून ते मागे ठेवते. आधी उद्याचं काम सांगते.

आज लावणीचा चौथा दिवस. प्रेटिलाक्लोर 50 ईसी पाचव्या दिवसापर्यंत टाकता येतं, म्हणजे तुमच्या हातात उद्याचा दिवस आहे. एकराला 600 मिली. तुमचं खाचर 20 गुंठ्यांचं, म्हणून 300 मिली पुरे. 100 लिटर पाणी धर, 16 लिटरच्या पंपाने सव्वासहा पंप, पंपाला साधारण 48 मिली. झाकणाने मोजू नका, प्रत्येक कंपनीचं झाकण वेगळं असतं. मेडिकलमध्ये मोजमापाचा प्लास्टिकचा कप मिळतो, तो आणा आणि त्यावर खूण करून पंपालाच बांधून ठेवा. खाचरात तेव्हा बोटाच्या दोन पेरांएवढं पाणी हवं. फवारणाऱ्याने मागे मागे सरकत यायचं, म्हणजे फवारलेल्या जागेत पाय पडून थर फाटत नाही. उद्याही अशीच झड राहिली तर दहा किलो बारीक वाळूत औषध नीट कालवून खाचरभर सारखं फेकलं तरी चालतं. फक्त पाणी बांधावरून ओसंडत नसलं पाहिजे. टाकल्यावर चार-पाच दिवस खाचराचं तोंड बंद. पाणी सोडायचं नाही, हे फार महत्त्वाचं आहे. ब्युटाक्लोरसारखी औषधं माशांना फार विषारी असतात. तुमच्या खाचराखालचा नाला पुढे पांझरेला मिळतो, आणि त्या नाल्यात पावसाळ्यात पोरं मासे-खेकडे धरतात.

उद्याचा दिवस हुकला तर जीव टांगून घेऊ नको. औषध सातव्या-आठव्या दिवशी टाकून पैसे घालवण्यापेक्षा थांब. लावणीनंतर 15 ते 20 दिवसांनी, तण दोन ते चार पानांवर असताना बिस्पायरिबॅक 10 एससी मार. एकराला 80 ते 100 मिली, म्हणजे तुम्हाला 40 ते 50. त्याची रीत वरच्या औषधाच्या अगदी उलटी आहे, आणि इथेच लोक चुकतात. हे पानातून आत जातं, म्हणून फवारण्याआधी खाचराचं पाणी काढायचं, तणाची पानं उघडी पडली पाहिजेत. फवारल्यावर सहा तास उघडीप लागते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाणी परत भरायचं आणि आठवडाभर राखायचं. पाणी परत भरलं नाही तर दुसरी तुकडी उगवते आणि मग सगळे म्हणतात औषध बोगस होतं. पंपाला पट्टा पडणारं नोझल लावा, फ्लॅट फॅन किंवा कट म्हणतात ते. कीटकनाशकाचं धुकं उडवणारं नोझल तणनाशकाला नको.

आता ती गोष्ट.

ज्या वर्षी दादाची कपाशी गेली, ते वर्ष तुला आठवतं? तू बारावीला होतीस. ऑगस्टमध्ये झाडं पात्यांनी लगडलेली आणि एकाएकी शेंड्याची पानं बोटांसारखी लांबट, चिरलेली यायला लागली. शिरा जवळजवळ आल्या, पान भेंडीसारखं दिसायला लागलं. पाते गळले. गावात कुणी म्हणालं व्हायरस, कुणी म्हणालं बियाणं बोगस. दादा दुकानात जाऊन भांडून आला, पंचनाम्यासाठी अर्ज केला. वहिनी रात्री रडायची, ते तू मला फोनवर सांगायचीस.

बियाणं बोगस नव्हतं. रोगही नव्हता. पंप माझा होता.

त्या श्रावणात मी कानबाईच्या सणाला माहेरी आले होते. दादाचा पंप बिघडला होता, त्याने फोनवर विचारलं, मी आमचा पंप गाडीत टाकून आणला. त्याच्या आठच दिवस आधी आम्ही भातात टू-फोर-डी मारलं होतं. पंप मी दोनदा पाण्याने विसळला होता. माझ्या लेखी तो स्वच्छ होता. दादाने त्यातून कपाशीवर मावा-तुडतुड्याचं औषध मारलं, तीन एकर. बाकीचं तुला माहीत आहे. पुढे एका शास्त्रज्ञाला दादाने पानं दाखवली तेव्हा त्यांनी रोगाचं नाव घेतलंच नाही. पहिला प्रश्न केला की पंप कुणाचा होता. दादाने घरी येऊन ते सहज सांगितलं आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली. दिवाळीला मी त्याला खरं सांगितलं. तो बराच वेळ बोलला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून त्या दुकानात जाऊन आला. आबांना आम्ही दोघांनी कधी सांगितलं नाही, आणि तुला आज पहिल्यांदा सांगतेय.

हे टू-फोर-डी 1940 च्या दशकात, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शोधलं गेलं आणि 1945 मध्ये अमेरिकेत विक्रीला आलं. झाडाच्या अंगात वाढीसाठी जे संप्रेरक असतं त्याची ते नक्कल करतं. रुंद पानाच्या झाडाला वाटतं वाढायचंय, वाढायचंय, आणि ते वेडंवाकडं वाढून मरतं. भात, गहू, मका अशा गवतवर्गीय पिकांना योग्य वयात, योग्य मात्रेत ते सोसतं. म्हणून भातातला माका, पाणलवंग, केना आणि लव्हाळ्याच्या काही जाती त्याने जातात. पाखडाला मात्र काही होत नाही, कारण तेही गवतच. स्वस्त आहे, म्हणून लोक सर्रास वापरतात. आणि कपाशी? टू-फोर-डीचं नाव काढलं तरी कोमेजणारं पीक म्हणजे कपाशी. शेताला मारायच्या मात्रेच्या काहीशेव्या भागानेही तिची पानं बिघडतात. पंपाच्या नळीत, वॉशरमध्ये, गाळणीत जो अंश अडकतो तेवढा तिला पुरतो.

आणि पंप वेगळा ठेवला तरी वारा आहेच. टू-फोर-डीचे प्रकार असतात, बाटलीवर लिहिलेलं असतं. सोडियम सॉल्ट, अमाइन सॉल्ट, आणि इथाइल इस्टर. हे इस्टर फवारून झाल्यावरही उन्हात वाफ होऊन उडतं. फवारताना वारा पडलेला असला तरी दुपारी तीच वाफ उतारावरच्या कपाशीवर जाऊन बसते. जळगाव-धुळ्यात कुठल्याही बांधावर उभी राहा, चारी दिशांना कुठे ना कुठे कपाशी दिसतेच. भात आपल्याकडे मूठभर, साक्रीच्या पश्चिम पट्ट्यात आणि कोंडाईबारी उतरून नवापुरात. 1 जुलै 1998 ला नंदुरबार वेगळा झाला तेव्हा धुळ्याचा बराचसा भात तिकडे गेला. कोकणातल्या बाईला टू-फोर-डीची एवढी भीती नाही, तिच्या खाचराच्या शेजारी खाचरच असतं. आपलं तसं नाही. भातासाठी निवडक म्हणून आणलेलं औषध आपल्या भागात शेजाऱ्याचा वर्षाचा पैसा नेऊ शकतं, आणि ही गोष्ट मला कुठल्याही दुकानात आपणहून कुणी सांगितलेली नाही.

मला याबाबतीत पांझरेकाठच्या जुन्या लोकांचं फार कौतुक वाटतं. फड बागायतीबद्दल तू ऐकलं असशील. नदीवर बंधारा, त्यातून पाट, आणि शेतांचे मोठे फड पाडलेले. ही रीत तीन-चारशे वर्षांची आहे म्हणतात. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, पाणी पाटकरी देणार, राखण जागल्या करणार. ते पाण्यासाठी होतं, तणनाशक तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. पण शेजाऱ्याच्या शेतात काय आहे हे माहीत असल्याशिवाय आपल्या शेतात काही करायचं नाही, ही सवय त्या रीतीत होती. आज प्रत्येकाची बोअर वेगळी, पीक वेगळं, फवारणीचा दिवस वेगळा. सवय तेवढी परत आणावी असं मला मनापासून वाटतं.

माझं मत विचारशील तर तुमच्या खाचरात टू-फोर-डी आणूच नका. रुंद पानाच्या तणासाठी मेटसल्फ्युरॉन आणि क्लोरिम्युरॉनचं जोड औषध मिळतं, एकराला अवघे 8 ग्रॅम लागतं, लावणीनंतर 20 ते 25 दिवसांनी. त्याचाही पंप वेगळाच, कारण तेही इतर पिकांना लागतं. एवढ्याशा मात्रेत काम करणारं औषध एवढ्याशा उरल्यासुरल्यातही काम करतं, हे धरून चाल. पंपावर पाहुण्यांना ऑइलपेंटने मोठं "तण" असं लिहायला सांग. तो पंप कुणाला उसना द्यायचा नाही. सख्ख्या भावालाही नाही.

दुकानात जाताना आणखी दोन नावं पाहुण्यांनी लक्षात ठेवावीत, कारण गर्दीच्या दिवसांत "तणाचं द्या" म्हटलं की समोर येईल ते हातात पडतं. इमॅझेथापायर सोयाबीन-भुईमुगाचं आहे, ते साध्या भाताला मारतं. अॅट्राझीन मक्याचं आहे. मका ते पचवतो, भात नाही, आणि ते जमिनीत बरेच दिवस राहतं. मध्यंतरी दिल्लीच्या पुसा संस्थेने इमॅझेथापायर सोसणारे दोन बासमती वाण काढले, पुसा बासमती 1979 आणि 1985. त्या बातम्या मोबाइलवर फिरतात आणि लोक समजतात की भातात इमॅझेथापायर चालतं. ते त्या दोन वाणांत चालतं. तुम्ही लावलीय इंद्रायणी. ग्लायफोसेट तर हिरवं दिसेल ते सगळंच मारतं. 2022 च्या ऑक्टोबरपासून केंद्र सरकारने ते प्रशिक्षित कीडनियंत्रण चालकांखेरीज इतरांना वापरायला बंदी घातलीय. तरी बांधावर मारायला म्हणून कुणी आणून देईल. नको म्हणायचं. बांधावरची हराळी माती धरून ठेवते. ती मेली की पहिल्या मोठ्या पावसात बांध फुटतो, आणि मग खाचरात पाणी कुठून राहणार?

बाटलीचं बिल घ्या, त्यावर बॅच नंबर लिहून घ्या. बाटलीवर रंगीत त्रिकोण असतो, लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. हिरवा असला तरी विषच. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन 20 हून जास्त शेतकरी आणि मजूर गेले. ती कीटकनाशकं होती, पण उघड्या अंगाने, वाऱ्याच्या तोंडाला, दिवसभर पंप पाठीवर घेऊन फवारण्याची आपली रीत तीच आहे. पाहुण्यांना पूर्ण बाह्यांचा सदरा, गमबूट, हातमोजे, तोंडाला मास्क. आणि त्यांचे कपडे तू धुवायचे नाहीस. ते आपल्याला सांगायला कुणी येत नाही, पण फवारणीच्या कपड्यांतून औषध धुणारीच्या हाताला लागतं. या दिवसांत तर नाहीच. त्यांनी स्वतः वेगळ्या बादलीत धुवावेत, तुझ्या सासूबाईंना मी फोन करून सांगीन. औषध कालवताना पाणी आणून देणं, पंप उचलून देणं, त्या दिवशी खाचरात अनवाणी उतरणं, काहीही करायचं नाहीस.

आणि रानभाजी. तुझ्या सासूबाई खाचराच्या कडेची केना, घोळ, तांदुळका खुडून आणतात, तू मागे हौसेने सांगत होतीस. तणनाशक टाकलेल्या खाचरातली आणि त्याच्या बांधावरची भाजी यंदा घरात आणू नका. त्यांना वाईट वाटेल. मलाही वाटतं. आपण ज्याला तण म्हणतो त्यातलं निम्मं त्यांच्या आईने ताटात वाढलेलं आहे. म्हणून आमच्याकडे घरामागचे चार गुंठे मी कधीच फवारत नाही. तिथे हाताने निंदते, आणि निंदलेलं शिजवते. जमलं तर एकदा बारीपाड्याला जाऊन ये, आपल्याच साक्री तालुक्यात आहे. चैत्राम पवार आणि त्या गावाने शेकडो हेक्टर जंगल राखलंय, 2025 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तिथे दर वर्षी रानभाज्यांची पाककृती स्पर्धा भरते, बाया टोपल्या भरभरून भाज्या घेऊन येतात. तुझ्या सासूबाईंना बरोबर ने.

पुढच्या वर्षीचं आत्ताच सांगून ठेवते. लावणी दोरी धरून करा. डॉ. नारायण सावंतांच्या चारसूत्री पद्धतीत 15 आणि 25 सेंटिमीटरचं अंतर आलटून पालटून ठेवतात, त्या रुंद पट्ट्यातून कोनोवीडर फिरतो. उभ्याने ढकलायचं यंत्र आहे, कंबर वाकत नाही, आणि तण चिखलात गाडलं जाऊन खत होतं. आम्ही आता पहिलं औषध तेवढं टाकतो आणि पुढचं काम त्या यंत्राने करतो. दुसरी बाटली चार वर्षांत आणलेली नाही. यंदा तुमची लावणी मोघम झालीय, म्हणून यंदा ते जमणार नाही.

काही अडलं तर दुकानदाराऐवजी धुळ्याच्या कृषी विज्ञान केंद्रात विचार, नाहीतर किसान कॉल सेंटरला 1800-180-1551 वर फोन लाव, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलतात. माझा फोन तर आहेच.

पाऊस थोडा उघडलाय असं दिसतं. तू एक कर. पाहुणे दुकानात निघायच्या आधी त्यांच्याबरोबर खाचराच्या चारी बांधांवर जाऊन उभी राहा आणि वरच्या अंगाला, खालच्या अंगाला, दोन्ही बाजूंना कुणाचं काय पीक आहे ते मला फोन करून सांग. कपाशी असेल तर ती किती अंतरावर आहे तेही सांग. मी वाट बघतेय.